तास भरले, पण शेजारी कोण होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर माझ्या वडिलांची वाचा गेली. समजायचे सगळे. एक ते दहा आकडे घडाघडा म्हणत. पण आईचे नाव काही केल्या तोंडून निघत नसे. त्यांना शिकवायला येणारी स्पीच थेरपिस्ट पदव्युत्तरच्या शेवटच्या वर्षाला होती. पंख्याचे चित्र धरून तिने विचारले, ‘हे काय?’ वडील धडपडत होते, तोच तिने शब्द सांगून टाकला. वडिलांनी भिंतीकडे तोंड केले.

मुलगी मनापासून काम करत होती. तिला थांबवायला खोलीत कुणी नव्हते. मार्गदर्शक आठवड्याने येऊन तिच्या कामाच्या तासांच्या नोंदवहीवर, म्हणजे लॉगबुकवर, सही करत, बस.

पुढे एक ज्येष्ठ तज्ज्ञ तिच्याशेजारी बसल्या. तेच चित्र धरले आणि गप्प राहिल्या. कितीतरी वेळ. मग हळूच म्हणाल्या, ‘फार उकडतंय हो, जरा लावा...’ वडील म्हणाले, ‘पंखा.’ ती मुलगी डोळे विस्फारून बघत राहिली. थांबायचे किती आणि आधार द्यायचा कुठे, हे तिला त्या दिवशी कळले.

अमेरिकेत या व्यवसायाच्या प्रमाणपत्रासाठी शिक्षणकाळात ४०० तास लागतात. २५ निरीक्षणाचे, ३७५ प्रत्यक्ष कामाचे. मला महत्त्वाची वाटते ती त्यापुढची अट: प्रत्येक रुग्णासोबतच्या वेळापैकी किमान २५ टक्के वेळ मार्गदर्शकाने स्वतः पाहायचा. नुसते तास मोजून ही मुले तयार होत नाहीत.

गिळण्याचे विकारही स्पीच थेरपीच्याच अभ्यासक्रमात येतात, हे अनेकांना ठाऊक नसते. काही रुग्णांचा घास श्वासनलिकेत उतरतो तरी ठसका लागत नाही. वरवर सगळे ठीक दिसते. खरे काय ते एक्स-रेच्या चलचित्रात किंवा नाकातून घातलेल्या दुर्बिणीतून कळते. तिथला चुकीचा अंदाज न्यूमोनियापर्यंत नेऊ शकतो. असा रुग्ण एकट्या विद्यार्थ्यावर सोडणे त्या दोघांवरही अन्याय आहे.

म्हणून लॉगबुकात मार्गदर्शक प्रत्यक्ष हजर असलेल्या मिनिटांचा वेगळा रकाना हवा, आणि त्यावर रुग्णाच्या घरच्यांचीही सही घ्यावी. खोलीत कोण होते, ते आम्हाला माहीत असते.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा