वाती वळणारे हात हाही चित्राचा विषय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या सोसायटीतील बालचित्रकला स्पर्धेच्या परीक्षणाचे काम माझ्याकडे आले. मी व्यावसायिक चित्रकार नाही. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा दिल्या, पुढे तुर्भ्याच्या एका कारखान्यात हिशेब लिहिण्यात नोकरी गेली आणि रंगांची पेटी माळ्यावरून खाली आली ती निवृत्तीनंतरच. स्पर्धेसाठी ‘निसर्गरम्य दृश्य’ हा विषय दिलेला होता. समोर आलेल्या बहुतेक कागदांवर तेच दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून वर येणारा सूर्य, नागमोडी नदी, कौलारू घर आणि एक नारळाचे झाड होते. यांतील कित्येक मुलांच्या खिडकीतून येऊरचा डोंगर रोज दिसतो, आणि तो त्रिकोणी नाही. मुलांना मी दोष देत नाही. डोळे उघडून काही पाहावेच लागू नये असा विषय आपण मोठी माणसेच त्यांना वर्षानुवर्षे देत आलो आहोत, आणि त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटले म्हणून हा पत्रप्रपंच.

मी स्वतः काही वेगळा नव्हतो. पेटी उघडल्यावर पहिली दोन वर्षे मी उपवन, येऊरचा पायथा, मासुंदा तलाव असा फिरत राहिलो, कारण चित्र काढायचे म्हणजे चित्र काढण्यासारख्या ठिकाणी जायला हवे अशी समजूत होती. तलावपाळीवर बसून काढलेली चित्रे आज पाहिली तर ती कुठल्याही गावातल्या कुठल्याही तळ्याची वाटतात. पुढे गुडघ्याने असहकार पुकारला, त्यातच पावसाळा लागला. ठाण्यातल्या जुलैच्या दमट हवेत जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, तासभर वाळत नाही, पंखा लावून बसावे लागते, त्यामुळे बाहेर जाणे बंदच झाले आणि घरात जे समोर होते ते काढण्यावाचून इलाज राहिला नाही.

समोर आई होती. तिला सत्त्याऐंशीवे वर्ष चालू आहे. दुपारची जेवणे आटोपली की ती बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत बसून वाती वळते. मांडीवर कापूस, शेजारच्या स्टुलावर वाटीत थोडे दूध. कापूस बोटांनी पिंजून, त्यातली कसपटे वेचून, दोन तळहातांमध्ये फिरवला की तेलवात होते. चिमटीत गोळा धरून दुधाचे बोट लावून शेंडी पिळली की फुलवात. हे मी जन्मभर पाहत आलो होतो, म्हणजे पाहत आलो आहे असे मला वाटत होते. हात क्षणभरही स्थिर राहात नाहीत, त्यामुळे पहिल्या आठवड्यातली रेखाटने इतकी फसली की आईने वही हातात घेऊन, ‘ही आल्याची गड्डी कुठून आणलीस?’ असे विचारले. मोबाइलवर छायाचित्र काढून त्यावरून चित्र करण्याचा सोपा मार्गही चोखाळून पाहिला. पण जवळून घेतलेल्या छायाचित्रात पुढचा हात उगाच मोठा येतो आणि हाताची लगबग तर त्यात उतरतच नाही. शेवटी रोज दहा-पंधरा मिनिटे नुसती पेन्सिल चालवायची असे ठरवले. वीस-पंचवीस पाने भरल्यावर केव्हातरी लक्षात आले की आईच्या उजव्या अंगठ्याचे वरचे पेर वाकतच नाही आणि शेंडी पिळण्याचे सगळे काम ती तर्जनीच्या कडेवर घेते. ज्या हातचे साठ वर्षे जेवलो त्या हाताबद्दलची ही गोष्ट मला तोवर ठाऊक नव्हती. ते पेर किती वर्षांपासून असे आहे, हे विचारल्यावर तिलाही सांगता आले नाही.

रंग देतानाची अडचण आणखी निराळी. जलरंगात पांढरा लावायचा नसतो, कागद तेवढा कोरा सोडायचा असतो. आणि इथे पांढऱ्या लुगड्यावर पांढरा कापूस. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग मिसळून केलेल्या नेहमीच्या करड्या सावल्या निर्जीव दिसत होत्या. नीट निरखल्यावर कळले की समोरच्या इमारतीला दुरुस्तीसाठी बांधलेल्या हिरव्या जाळीवरून येणारा उजेड कापसाच्या सावलीत उतरला होता. अशी जाळी आज ठाण्याच्या गल्लीगल्लीत दिसते आणि आपण तिला नावे ठेवतो. मीही ठेवतो, पण त्या चित्रातला कापूस कापसासारखा दिसला तो तिच्यामुळे.

हे चित्र एका समूह प्रदर्शनासाठी दिले असता, घरातल्या आजीचे चित्र विकत कोण घेणार, वारली किंवा गणपती असेल तर आणा, असा सल्ला मला मिळाला. तेव्हा चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकरांची आठवण झाली. हाताच्या आडोशाने दिव्याची ज्योत जपत उभी असलेली, बोटांतून उजेड झिरपणारी ती स्त्री कित्येक मराठी घरांच्या भिंतीवर आहे, आणि अजूनही अनेकजण ते चित्र राजा रविवर्म्याचे समजतात. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातले ते मूळ चित्र हळदणकरांनी जलरंगात केले आणि त्यासाठी उभी राहिली ती त्यांचीच मुलगी, गीता. लेक आणि दिवा, दोन्ही घरचेच.

हळदणकरांच्या पंक्तीला बसण्याचा माझा आव नाही. विषय शोधायला दूर जावे लागते या समजुतीपायी अनेक हौशी मंडळी हातातला ब्रश खाली ठेवतात, एवढेच म्हणायचे आहे. नोकरीत असताना ठाणे-वाशी लोकलमध्ये मी तिकिटाएवढ्या कागदांवर झोपलेले प्रवासी काढीत असे. ऐरोलीला मान कलंडली की रबाळे, घणसोली, कोपरखैरणे एवढा वेळ हक्काचा, आणि फुकटचे असे मॉडेल कोणत्याही कलाशाळेत मिळायचे नाही. तेव्हा त्या कागदांना मी चित्रे समजत नव्हतो, म्हणून ते जपूनही ठेवले नाहीत, याची आता हळहळ वाटते.

आपल्या वृत्तपत्रामार्फत स्पर्धांच्या आयोजकांना, शाळांना आणि उत्सव मंडळांना माझी विनंती आहे की त्यांनी एखादे वर्ष तरी मुलांना घरातला विषय द्यावा. डबा भरणारी आई असो, जिन्यात चपला शोधणारे आजोबा असोत किंवा जांभळी नाक्यावरची फुलवाली असो, अट एवढीच की समोर बसून काढलेले हवे. आमच्या सोसायटीने पुढील वर्षासाठी ‘घरातल्या कोणाचे तरी हात’ हा विषय मान्य केला आहे. त्याचा नमुना इंटरनेटवर कोठे मिळेल, अशी विचारणा दोन पालकांनी आताच माझ्याकडे केली आहे.

आपला,
एक हौशी चित्रकार,
ठाणे (पश्चिम)