रिपोर्ट चांगला आलाय, म्हणूनच गोळी चालू ठेवा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुमचा आवाज किती मोकळा वाटला! एचआयव्हीच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या तपासणीच्या कागदावर ‘विषाणू आढळला नाही’ असं आलंय, हे तुम्ही मला दोनदा वाचून दाखवलंत. मलाही फार आनंद झाला. पण त्यापुढे तुम्ही म्हणालात, “नाहीच म्हणतोय तर गोळी कशाला? दोन महिने ते एचआयव्ही घालवणारं म्हणतात ते चूर्ण घेऊन बघतो.” तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. फोनवर पोर मध्येच ओढाताण करत होतं, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय. दोघांनी मिळून सावकाश वाचा.

ती तपासणी रक्तात फिरणारा विषाणू मोजते. तुमच्या रक्तात तो मोजण्याइतका उरलेला नाही, हे अगदी खरं. पण एचआयव्ही शरीरात शिरतो तेव्हाच काही सीडी-४ पेशींच्या, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या डीएनएमध्ये स्वतःची प्रत बसवून ठेवतो. त्यातल्या काही पेशी लसिकाग्रंथींत, आतड्याच्या अस्तरात वर्षानुवर्षं शांत पडून राहतात. विषाणू तयारच करत नाहीत, त्यामुळे रक्ताच्या तपासणीत दिसत नाहीत आणि औषधालाही सापडत नाहीत. हरळीचं तुम्हीच सांगायचात ना, वरून रान कितीही स्वच्छ दिसलं तरी काशी आत राहिली की पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. तसंच आहे हे.

तुमच्या गोळीत तीन औषधं आहेत. टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन विषाणूला त्याच्या आरएनएवरून डीएनए बनवू देत नाहीत. त्या साखळीत ती खोटी कडी म्हणून शिरतात आणि साखळी तिथेच थांबते. त्यातूनही डीएनए तयार झालाच, तर तो आपल्या पेशीच्या डीएनएला जोडला जाऊ नये म्हणून डोलुटेग्रॅविर आहे. म्हणजे गोळी नव्या पेशींना वाचवते, आधी बसलेली प्रत पुसून टाकत नाही. म्हणूनच ती रोज लागते. बंद केली की बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांतच विषाणू परत दिसायला लागतो.

‘सीडी-४ पेशींचा आकडा चांगला असताना औषधाला थोडी सुट्टी दिली तर?’ हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. त्यासाठी ३३ देशांतल्या ५,४७२ लोकांवर मोठा अभ्यास झाला. निम्म्यांनी औषध सलग घेतलं. बाकीच्यांनी सीडी-४ वर असताना थांबवलं आणि खाली आल्यावर पुन्हा सुरू केलं. थांबवणाऱ्यांमध्ये आजार आणि मृत्यू इतके जास्त दिसले की जानेवारी २००६मध्ये तो प्रयोग आवरता घ्यावा लागला. हृदयाचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे त्राससुद्धा त्यांनाच जास्त झाले. बाबा, तुम्हाला बीपी आहे, साखर आहे. तुम्हाला ही सुट्टी परवडणारी नाही.

आणि आपल्या घरानं हे एकदा भोगलंय. २००२ साली गोळ्या दुकानातून विकत आणाव्या लागायच्या. परदेशी कंपन्यांच्या औषधांचा एका माणसाचा वर्षाचा खर्च त्याआधी दहा हजार डॉलरच्या वर जायचा. २००१च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी गरीब देशांत काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेला तीच औषधं वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि जगातला भाव कोसळला. तरी आपल्यासाठी ते पैसे डोंगराएवढे होते. म्हैस विकली, तेवढ्यावर काही महिने निघाले, मग औषध तुटलं. त्यानंतर तुम्हाला टीबी झाला. आई रात्र रात्र उशाशी बसायची, ते मी दाराआडून बघितलंय. तेव्हाच्या तुमच्या तीन औषधांपैकी नेव्हिरापिन रक्तातून फार हळू उतरतं. सगळं एकदम बंद केलं की मागे ते एकटंच रेंगाळतं, आणि एकट्या औषधाला सरावायला विषाणूला वेळ लागत नाही. पुढे सरकारी गोळ्या लागू पडल्या हे आपलं नशीब.

१ एप्रिल २००४ला देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार सुरू झाले, मुंबईचं जे. जे. त्यात होतं. आपल्या जिल्ह्यापर्यंत ते यायला आणखी वेळ गेला. आईचे सीडी-४ दोनशेच्या वर होते, म्हणून तिला तेव्हा ‘अजून नाही’ असं सांगून परत पाठवलं. आजारी पडल्यावरच औषध, हा त्या काळचा नियम मला आजही सलतो. २०१७पासून निदान झालं की लगेच औषध सुरू होतं, सीडी-४ कितीही असोत.

चूर्णाबद्दल स्पष्टच लिहिते. एचआयव्ही शरीरातून पुरता गेलाय, अशी माणसं जगात अगदी मोजकी आहेत. त्यांतल्या बहुतेकांना कॅन्सर होता आणि त्यासाठी दुसऱ्याच्या मूळपेशी बसवाव्या लागल्या. पहिला माणूस बर्लिनचा, २००७ सालचा. तो उपचार इतका जिवावरचा आहे की फक्त एचआयव्हीसाठी कुणी करत नाही. मग पुडीतल्या भुकटीनं तो जातो, असं सांगणाऱ्यावर कसा विश्वास ठेवायचा? अशा काही पुड्यांमध्ये शिसं आणि पारा सापडलाय. टेनोफोविरमुळे मूत्रपिंडावर आधीच लक्ष ठेवावं लागतं, त्यात ही भर नको.

मी रोज औषधांच्या खिडकीमागे उभी असते, म्हणून आणखी काही सांगते. डोलुटेग्रॅविरमुळे मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण वाढतं. तुमचा डोस दिवसाला एक हजार मिलिग्रॅमच्या वर असेल तर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या डॉक्टरांना सांगायलाच हवं, मनानं कमी करू नका. पित्तासाठी जे पांढरं औषध पिता, ते एआरटीच्या गोळीबरोबर घ्यायचं नाही. गोळी आधी घ्या आणि ते दोन तासांनी. ते आधी प्यायलात, तर गोळीला सहा तास थांबा. आई, तुझ्या कॅल्शियमलाही हाच नियम, फक्त जेवणाबरोबर दोन्ही एकत्र चालतात.

आणि आई, तू नातवाला अजून आपल्या हातानं भरवत नाहीस, त्याचा पापा घेत नाहीस. जेवण, ताट, पेला, पापा यांतून हा विषाणू जात नाही, औषध सुरू नसतानाही जात नव्हता. मला तू घास भरवलास तो त्याच हातानं. त्याला तुझ्या हातचा वरणभात हवाय.

पुढच्या तारखेला मी येते, तिघं मिळून एआरटी सेंटरवर जाऊ. मूत्रपिंडाची क्रिएटिनिन तपासणी शेवटची कधी केली ते पुस्तकात बघून ठेवा. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घ्या, पित्ताच्या बाटलीसकट आणि त्या चुर्णासकट. तोवर बाबा, आज रात्रीची गोळी घेतलीत की मला फोन करा.

तुमची,
सुजाता