साहेब, शाल नको, पहिलं गिऱ्हाईक द्या

मा. कौशल्य व नाविन्यता मंत्री महोदय,

नमस्कार. जळगावहून लिहितोय. 16 जानेवारीचा स्टार्टअप डे आला की आमच्याकडे पुण्यात स्थायिक झालेला कोणीतरी खान्देशी फाउंडर येतो, 'मी पण इथलाच' म्हणतो, दीड तास स्लाइडी दाखवतो, शाल-श्रीफळ घेतो आणि महाराष्ट्र एक्सप्रेसने परत. मागे उरतो एक व्हॉट्सॲप ग्रुप, त्यावर होळीपर्यंत फक्त गुड मॉर्निंग. त्यांची चूक नाही म्हणा, आपण बोलावतोच भाषणाला. मीही हिंजवडीत 6 वर्षं काढून परत आलोय, असलं भाषण मीपण ठोकलंय.

आता आम्ही नऊ-दहा जण रविवारी एका चहावाल्याच्या वरच्या खोलीत बसतो. मागे रावेरचा एक पोरगा टिफिनच्या डब्यात बसवलेलं यंत्र घेऊन आला. केळी पिकवायच्या चेंबरमध्ये इथिलीन हा फळं पिकवणारा वायू सोडून साधारण 16 ते 18 डिग्री धरून ठेवावं लागतं, रात्री लाईट गेली की माल तापतो आणि मालकाला कळतं सकाळी. ह्याचा डबा रात्रीच मालकाला फोन लावणार. आमच्यात एक काका आहेत, बिलिंगच्या सॉफ्टवेअरची कंपनी चालवतात, त्यांनी सल्ला वगैरे काही दिला नाही, ओळखीच्या चेंबरवाल्याला तिथूनच स्पीकरवर फोन लावला, "भो, एक डबा लावून बघ, पण पैसे दे, फुकट नको." साडेतीन हजाराला गेला. तिसऱ्या रात्री लाईट गेली, तिच्यासोबत वायफायपण गेलं आणि डबा गप्प! मालकाने पोराला असा झापला की विचारू नका. पुढच्या रविवारी डब्यात सिमकार्ड आणि बॅटरी. आता त्या मालकाकडे चार डबे आहेत.

तुमच्या स्टार्टअप वीकमध्ये 24 स्टार्टअप निवडून 15 लाखांपर्यंतच्या वर्कऑर्डर दिल्या गेल्या, ती कल्पना मला खरंच आवडते, कारण तिथे सरकार स्वतः गिऱ्हाईक होतं. पण रावेरच्या पोराला 15 लाख कशाला, त्याला 50 हजाराची ऑर्डर पुरे, झेडपीने द्यावी, नगरपालिकेने द्यावी, बाजार समितीने द्यावी, आणि वस्तू चालते का नाही हे बघायला इथलेच जुने धंदेवाले बसवा, ते तोंडावर खरं सांगतात.

अजून एक. आमच्या इथल्या एका इन्क्युबेशन सेंटरला, म्हणजे नव्या स्टार्टअपना जागा न् सोयी देणाऱ्या केंद्राला, साडेपाचला कुलूप लागतं. पोरं नोकरीवरून, कॉलेजातून सुटतात सहाला. आत एसी आहे, थ्रीडी प्रिंटर आहे, आणि आम्ही चहावाल्याच्या माडीवर. किल्ली कोणाच्या जबाबदारीवर द्यायची एवढाच प्रश्न असेल तर आम्ही तिघं सही करून घेतो, काकापण तयार आहेत.

आणि दौऱ्यावर आलात तर कार्यक्रम नका ठेवू, रविवारी पाचला वर या, जिना जरा अरुंद आहे.

आपला,
एक जळगावकर