मंत्रीसाहेब, रस उकळला की काकवी होते

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

खात्याचं नाव लिहीत नाही, वाचलं की कळेल तुम्हाला. आधीच्या सॅम्पलचा रिपोर्ट फेल आला म्हणून परवा तुमची माणसं आमच्या मांजरी गावातल्या युनिटवर आली आणि उसाच्या रसाच्या सगळ्या बाटल्या माझ्यादेखत गटारात ओतायला लावल्या. जंतूंचा काउंट जास्त म्हणे. असेल, मी नाही म्हणतच नाही. पण छोट्या रसवाल्यांसाठी कॉमन सेंटर काढतो, न उकळता दाबाने जंतू मारणारी प्रेशरची मशीन, यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचे दिवे, सगळं एका छताखाली, असं स्टेजवरून कोण बोललं होतं? टाळ्या मीपण वाजवल्या. त्या जागेवर आता गाड्या पार्क होतात.

तुमचे अधिकारी सांगतात, "उकळून भरा ना." वा! उकळला की रंग गेला, चव गेली, वास काकवीचा. प्यायचा कोणी? बरं, हा रस लिंबासंत्र्यासारखा आंबट नाही, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितका रस आंबट) पाचच्या आसपास, म्हणजे जंतूंना मोकळं रान. नुसत्या यूव्हीने भागत नाही कारण रस गढूळ, किरण आत शिरत नाहीत, पातळ थर करून घुसळत न्यावा लागतो. प्रेशर म्हणाल तर 600 मेगापास्कल, म्हणजे हवेच्या दाबाच्या जवळपास 6000 पट, तरी स्पोअर, म्हणजे जंतूंची चिवट बीजं, शिल्लक राहतात आणि मशीन कोटींच्या घरात. म्हणून दोन-तीन उपाय जोडायचे असतात साहेब, अल्ट्रासाउंडने जंतूंचं कवच खिळखिळं करायचं, वर यूव्ही, जरा सायट्रिक ॲसिड आणि मग थंडावा तुटू द्यायचा नाही. एकेक उपाय बेताचा, म्हणून चव राहते.

हे माझ्या डोक्यातलं नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रवाल्यांनी गॅमा किरण, प्रिझर्वेटिव्ह आणि थंडावा एकत्र करून उसाचा रस पाचेक आठवडे टिकवून दाखवलाय. लासलगावला कांद्यासाठी विकिरण केंद्र, म्हणजे असेच किरण मारून माल टिकवायचं केंद्र, 2002 पासून उभं आहे. अमेरिकेत 1996 ला सफरचंदाच्या न तापवलेल्या रसातून ई. कोलाय नावाचा जंतू पसरला, एक लहान मूल गेलं, मग 2001 मध्ये नियम आला की लाख जंतूंमागे जास्तीत जास्त एक उरला पाहिजे. उकळाच असं नाही म्हटलं, यूव्हीला तर त्याआधीच 2000 मध्ये परवानगी दिली होती. आणि आपल्याकडे? गटार.

माझं काय झालं ते ऐका. बायकोचं गंठण गोल्ड लोनला, चिलरचं बिल दर महिन्याला छाती दडपवतं, कामाला असलेली दोन पोरं आता घरी बसली, मला बीपीची गोळी लागली. बँकवाला फोनवर असा बोलतो जसा मीच रस प्यायलोय सगळा.

कारखान्यांच्या कर्जाला सरकारची हमी, दोनशेच्या आसपास कारखाने आहेत राज्यात, त्यांचा ऊस तो ऊस आणि माझा काय बांबू? 2025 च्या जानेवारीपासून सिंहगड रोड आणि पुण्याच्या आसपास जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराचे, दोनशेच्या वर पेशंट झाले, बोट पाण्याकडेच होतं ना? तेव्हा कुणाची खुर्ची ओतली गटारात? नियम काय ते फक्त चरकवाल्याला!

सेंटर होणार असेल तर तारीख सांगा. नसेल होणार तर तसं लेखी द्या, म्हणजे मी युनिट विकून मोकळा होतो. आणि ओतलेल्या मालाचा पंचनामा अजून हातात आला नाही, तेवढा तरी पाठवा.

आपला (नाइलाजाने),
एक रसवाला, मांजरी, पुणे