मंत्रिमहोदय, आम्हाला कधीतरी ‘नको’ म्हणा

माननीय आरोग्यमंत्री यांस,
स.न.वि.वि.

मी एका सेवा क्लबचा माजी सचिव. क्लबमध्ये वीसेक वर्षं झाली. या काळात रक्तदान शिबिरं, मोतीबिंदूची शिबिरं, दवाखान्यांना यंत्रं, परदेशी क्लबांबरोबरचे जोडप्रकल्प असं बरंच काही हातून झालं. यातल्या बहुतेक कार्यक्रमांना आपल्या खात्याचं कोणी ना कोणी व्यासपीठावर होतं. ‘शासन एकटं पुरं पडू शकत नाही, आपल्यासारख्या संस्थांनी पुढं यावं’ हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की वक्ता श्वास कुठे घेणार तेही आता ठाऊक झालंय. आम्ही पुढं आलो. तक्रार त्यानंतरची आहे.

२०२१ मध्ये कोविडच्या लाटेत परदेशातल्या एका क्लबने आम्हाला दहा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून रुग्णाला देणारी यंत्रं, पाठवले. त्यांची सकाळ तेव्हा आमची मध्यरात्र, त्यामुळे सगळी बोलणी पेंगुळलेल्या डोळ्यांनी झाली. यंत्रं आली, कस्टम्सच्या कागदांत अडकली, माल पडून राहिल्याचा दंड (डेमरेज) चढत राहिला, शेवटी सुटली. एका सरकारी रुग्णालयाला ती दिली, फोटो निघाले, आभाराचं पत्र आलं. त्या आठवड्यात ती खरंच चालली. रुग्णाच्या नाकाला लागलेली आमची नळी मी डोळ्यांनी पाहिली आहे.

दोन वर्षांनी भलत्याच कामासाठी त्याच रुग्णालयात गेलो आणि सहज चौकशी केली. भांडारपालांनी एक खोली उघडून दिली. दहापैकी सहा यंत्रं तिथे एकाला एक टेकून उभी. आमच्या क्लबच्या बोधचिन्हाचं स्टिकर मात्र नवंकोरं. एका यंत्राची मागची जाळी काढून आतला स्पंज ओढला, तर करडी धूळ लोकरीसारखी बोटांना चिकटून आली. हा स्पंज आठवड्याला एकदा साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि नीट वाळवून परत बसवायचा, एवढंच काम असतं. यंत्र सुरू करून पाहिलं. थोडा वेळ घरघर झाली आणि मग पिवळा दिवा लागला: बाहेर येणाऱ्या हवेत पुरेसा ऑक्सिजन नाही. या यंत्राच्या पोटात जिओलाइटचे दाणे असतात. ते हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. यंत्र महिनोन्‌महिने दमट खोलीत बंद राहिलं की हेच दाणे ओलावा पितात आणि निकामी होतात. म्हणजे ‘जपून ठेवलंय हो’ असं जे कौतुकाने सांगितलं जात होतं, त्यानेच ते बिघडलं होतं.

मी भडकलोच होतो. पण भांडारपालांनी शांतपणे डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे रुग्णालयाच्या टिकाऊ वस्तूंची नोंदवही, पुढ्यात ठेवलं. आमची यंत्रं त्यात नव्हतीच. ‘साहेब, बिल नाही, मागणीपत्र नाही, मी नोंद कशाच्या आधारावर घेऊ?’ आणि नोंद नाही म्हणून देखभालीचा करार नाही, करार नाही म्हणून तंत्रज्ञ नाही. ज्या डॉक्टरांनी आमच्याकडून यंत्रं घेतली त्यांची बदली झालेली. भांडारपालांचं बोट बरोबर जागी होतं. इतक्या रात्री जागून आम्ही पलीकडच्या क्लबशी बोललो, पण या रजिस्टरबद्दल एकदाही कोणाला विचारलं नव्हतं.

म्हणून हे पत्र नुसतं आपल्या खात्याविरुद्ध आहे असं समजू नये. आमचा अध्यक्ष दरवर्षी १ जुलैला बदलतो. नव्या अध्यक्षाला नवा प्रकल्प हवा असतो, कारण जुन्या यंत्राचा फिल्टर बदलला म्हणून प्रांतपाल (आमच्या भागातल्या सगळ्या क्लबांचे प्रमुख) कोणाला पदक देत नाहीत. आपले अधिकारी बदलीने जातात, आमचे पदाधिकारी कॅलेंडरने जातात आणि वस्तू तेवढी जागच्या जागी राहते.

आमच्या हौशीचाही एक नमुना सांगतो. एके वर्षी आम्ही वापरलेले चष्मे गोळा केले. खोकी भरली, सगळे खूष. मग एका रविवारी नंबर मोजायला लेन्सोमीटर घेऊन बसलो. बरेचसे चष्मे चरे पडलेले, काहींची दांडी गायब. जे धड होते त्यांतल्या कित्येकांना सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे त्याच नंबराचा आणि त्याच अक्षाचा दुसरा माणूस सापडल्याशिवाय तो चष्मा कोणाच्याच कामाचा नाही. दुपारपर्यंत टेबलावर वापरता येण्याजोगा जो ढीग उरला तो बघून कोणी बोलेना. साधे नवे वाचायचे चष्मे आणले असते तर निम्म्या श्रमात जास्त लोकांना दिसलं असतं. पण हे आम्हाला आधी कोणी सांगितलं नाही. शिबिराला ज्यांनी परवानगी दिली त्यांनीही नाही. ‘छान उपक्रम’ म्हणाले.

मंत्रिमहोदय, माझी अडचण या ‘छान उपक्रम’मध्येच आहे.

सेवा क्लब आणि सरकार यांचं जमूच शकत नाही असं कोणी म्हणालं तर मी पोलिओ दाखवतो. रोटरी या सेवा क्लबांच्या जागतिक संघटनेने १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओविरोधी मोहीम हाती घेतली. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी आणि रोटरी यांनी मिळून जागतिक मोहीम सुरू केली, तेव्हा १२५ देशांत हा आजार ठाण मांडून होता आणि वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी होत होती. आज नैसर्गिक विषाणूचा संसर्ग अखंड चालू राहिलेले देश दोनच उरलेत, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. हे यश पैशाचं आणि लशीचं आहेच, पण मला त्यातली कामाची वाटणी जास्त महत्त्वाची वाटते. लस थंड ठेवणं सरकारचं काम. कोणती वस्ती कोणत्या दिवशी, हे यंत्रणेने ठरवायचं. स्वयंसेवकाने दारोदार जायचं, मुलाच्या करंगळीला शाई लावायची आणि दारावर खडूने खूण करायची. जिथे मूल घरी नव्हतं तिथे फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं. क्लबचा सदस्य कारखानदार असो की वकील, त्या दिवशी त्याच्या हातात खडू असायचा आणि त्या खडूने काय लिहायचं हे त्याने स्वतःच्या मनाने ठरवलेलं नसायचं.

यंत्रदानाच्या बाबतीत हा खडू आम्हाला कोणी देत नाही. आम्ही मनाने ठरवतो, आपण हात जोडून घेता.

घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम १९९६ मध्येच छापले आणि २०१० मध्ये सुधारले. वैद्यकीय उपकरणांच्या दानाबद्दल २०११ मध्ये वेगळी पुस्तिका काढली. औषधांच्या नियमांत घेणाऱ्याची इच्छा आणि अधिकार यांचा मान राखा असं स्पष्ट म्हटलंय. देणाऱ्याच्या देशात जे चालत नाही ते दान म्हणूनही चालणार नाही, असंही. रोटरी फाउंडेशनसुद्धा ग्लोबल ग्रँट (परदेशी क्लबांबरोबरच्या मोठ्या प्रकल्पांचं अनुदान) देताना विचारतं की लोकांची गरज तपासली का आणि पैसे संपल्यावर हे कसं चालू राहणार. त्या अर्जात हे रकाने आम्ही भरतो, खरं सांगायचं तर काही वेळा ठोकून भरतो, कारण समोरच्या रुग्णालयाकडून लेखी काही मिळतच नाही.

माझी मागणी एका पानाची आहे. कोणतंही दानाचं यंत्र आत येण्याआधी खात्याने क्लबशी लेखी ठरवावं: हे हवं आहे का, नोंद कुठल्या रजिस्टरात होईल, चालवायला कोणाला शिकवायचं, पहिली काही वर्षं देखभाल कोणाची आणि नंतर कोणाची. सही व्यक्तीच्या नावाने नको, पदाच्या नावाने हवी, म्हणजे बदली झाली तरी प्रश्न विचारायला खुर्ची उरेल. या पानावर उत्तर ‘नको’ असेल तर ते आम्हाला आठ दिवसांत कळवा. पलीकडच्या क्लबला ‘नको म्हणाले’ असं सांगणं जड जातं खरं, पण पिवळ्या दिव्याचा फोटो पाठवणं त्याहून जड जातं. मी पाठवला आहे. तिकडच्या सचिवबाईंनी दोन दिवस उत्तर दिलं नाही, मग विचारलं की सुटे भाग पाठवू का.

शिबिरांचंही हेच. बाहेरून डॉक्टरांचं पथक येतं, चार दिवसांत शस्त्रक्रिया होतात, पट्टी सुटली की आजी समोरच्याचा चेहरा निरखत बसते आणि आम्ही सगळे डोळे पुसतो. सहा आठवड्यांनी त्या डोळ्यात दुखू लागलं तर आजीने जायचं कोणाकडे? पथक गेलेलं असतं. परवानगीच्या कागदावर फेरतपासणीच्या डॉक्टरचा रकाना सक्तीचा केलात तर शिबिरं कमी होतील. होऊ द्या.

आमच्या क्लबमध्ये एक निवृत्त बायोमेडिकल तंत्रज्ञ आहेत. त्या सहा यंत्रांपैकी तीन तरी उठतील असं त्यांचं म्हणणं आहे. सुटे भाग येऊन पडलेत. पण यंत्रं रजिस्टरात नसल्यामुळे दुरुस्तीसाठी खोली उघडून द्यायचा अधिकार नेमका कोणाला, हे रुग्णालयात कोणी सांगू शकत नाही. आमचे तंत्रज्ञ शनिवारी दुपारी मोकळे असतात. किल्ली कोणाकडे मागायची तेवढं कळवावं.

आपला,
एका सेवा क्लबचा माजी सचिव