बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र : वस्तीच्या रस्त्याचा ठेका वस्तीतल्या पोराला का मिळत नाही?

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक बांधकाम, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : लहान कामांचे एकत्रीकरण थांबवणे व अनुसूचित जाती-जमातींच्या ठेकेदारांना शासकीय कामांत वाटा देणे याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी स्थापत्य अभियंता आहे, आपल्या खात्याकडे नोंदणी असलेला लहान ठेकेदार आहे आणि अनुसूचित जातीचा आहे. ही तिसरी गोष्ट निविदेत कुठेच भरावी लागत नाही, पण साइटवर ती माझ्याआधी पोहोचलेली असते.

गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या अनुसूचित जातींच्या वस्त्यांमधले अंतर्गत रस्ते आणि गटारं यांची निविदा निघाली. आतापर्यंत हीच कामं गावनिहाय, आठ-दहा लाखांची सुटी सुटी निघायची. या वेळी सगळी गावं एकत्र बांधून एकच पॅकेज केलं. सूचना अल्पमुदतीची, तीही शुक्रवारी संध्याकाळी पोर्टलवर टाकलेली. अटी काय, तर आरएमसी प्लॅन्ट, म्हणजे तयार काँक्रीट बनवणारा कारखाना, स्वतःचा हवा किंवा ठरावीक अंतरातल्या प्लॅन्टवाल्याचा करारनामा हवा, एवढ्याच मोठ्या एका कामाचा अनुभव हवा, उलाढालीचा दाखला हवा, बँकेचा ऐपत दाखला, म्हणजे एवढं काम पेलण्याची आर्थिक कुवत असल्याचं पत्र, हवा.

साहेब, सहा इंच जाडीच्या, आठ-दहा फूट रुंदीच्या रस्त्याला आरएमसी प्लॅन्ट कशाला? या गल्ल्यांत ट्रान्झिट मिक्सर, म्हणजे ते तयार काँक्रीट आणणारा मोठा ट्रक, वळतच नाही. मी तिथं काम केलं आहे. तोंडाशी छोटं मिक्सर मशीन उभं करायचं आणि आत घमेल्यांनी काँक्रीट न्यायचं, दुसरा उपाय नाही. ज्यानं ही अट घातली त्या अभियंत्यालाही हे माहीत आहे. रस्ता चांगला व्हावा म्हणून ही अट आलेली नाही, माझ्यासारखा माणूस दारातच अडावा म्हणून आली आहे.

मागच्या वर्षी लहान ठेकेदारांच्या बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्यानं सर्वांसमोर शब्द दिला होता की दहा लाखांच्या आतली कामं एकत्र करणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. आता विचारायला गेलो तर ते म्हणतात, "वरून सूचना आहेत." वरून म्हणजे कुठून, हे कुणी सांगत नाही. वर तर तुम्ही आहात.

आणि निविदा उघडायच्या आत मला फोन आला. मोठी फर्म आहे, नाव घेत नाही. "तू लोकल आहेस, काम तूच कर. बारा टक्के आमचे, बिल आमच्या नावावर निघेल." म्हणजे काम कुणाला मिळणार हे त्यांना आधीच ठाऊक, आणि प्लॅन्ट, अनुभव, उलाढाल यांतलं काहीही त्या गल्लीत येणार नाही हेही ठाऊक. शेवटी तेच मिक्सर मशीन, तीच घमेली, तोच मी. फक्त माझं नाव कागदावर नसणार. उद्या मी अनुभवाचा दाखला मागायला गेलो तर तो त्या फर्मला मिळणार, आणि पुढच्या निविदेत "अनुभव नाही" म्हणून मीच बाद होणार.

या बारा टक्क्यांत काय जातं ते सांगतो. सिमेंटच्या गोण्या कमी होतात. काँक्रीटवर बारदान टाकून पंधरवडाभर ओलं ठेवायचं, ते चार दिवसांत आटोपतं, कारण पाण्याच्या टँकरलाही पैसे पडतात. पहिल्याच पावसाळ्यात वरचा थर सुटतो आणि खडी उघडी पडते. त्या फर्मचा मालक तो रस्ता बघायला कधीच येणार नाही. मी तिथंच राहतो. म्हाताऱ्या बाया मला थांबवून विचारतात, "बाबा, आपल्याच वस्तीत असं काम केलंस?"

आता कुणी म्हणेल, वस्तीविकासाची कामं जिल्हा परिषदेकडून होतात, बांधकाम मंत्र्यांचा काय संबंध? संबंध आहे. नोंदणी तुमच्या खात्याची, कामांचे दर ठरवणारी दरसूची तुमच्या खात्याची, अटींचे मसुदेही तुमच्याच खात्यातून खाली झिरपतात. तुम्ही एक परिपत्रक काढलं तर तालुक्यापर्यंत पोहोचतं. आम्हाला अडवणारी परिपत्रकं तर एका दिवसात पोहोचतात.

तुमच्याकडे लहान कामांच्या वाटपाची पद्धत आहे : ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंते, ३३ टक्के मजूर सहकारी संस्था, ३४ टक्के खुले ठेकेदार. तीन रकाने आहेत, त्यांत अनुसूचित जाती-जमातीच्या ठेकेदाराचा एकही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्यात अनुसूचित जाती ११.८ टक्के आणि जमाती ९.४ टक्के, म्हणजे पाचातला एक माणूस आमचा. माझ्या माहितीतल्या मोठ्या वर्गाच्या ठेकेदारांत आमची माणसं शोधायला गेलो तर एका हाताची बोटंही पुरी होत नाहीत. तुमच्याकडे सगळी नोंदणी आहे, तुम्ही मोजा आणि मी खोटा असेन तर जाहीर सांगा.

मजूर संस्थांचंही एकदा बघा. सभासदांची यादी घ्या आणि त्यांच्या घरी जा. कितीतरी मजूर बंगल्यात राहतात आणि चारचाकीतून उतरतात. ज्याच्या हातावर खरंच घट्टे आहेत त्याला आपण कुठल्या संस्थेचे सभासद आहोत याचा पत्ताही नसतो.

एका कार्यालयात मला साहेबांनी ऐकवलं, "तुमच्या लोकांना सगळीकडे आरक्षण आहे, निदान धंद्यात तरी स्वतःच्या बळावर या." समोर चार ठेकेदार बसले होते, सगळे हसले. त्यातल्या दोघांचे मामा-काका कोण आहेत हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत आहे. त्यांचं बळ कुठून आलं? साहेब, ठेक्यांत आम्हाला आरक्षण नाहीच. केंद्राचं २०१२ चं खरेदी धोरण आहे, त्यात एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून घ्यायचं ठरलं आहे. पण ते वस्तू आणि सेवांपुरतं, बांधकामाचे ठेके त्यात धरत नाहीत. पैसे ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर व्याज भरावं, असा २००६ चा लघुउद्योग कायदा आहे. त्यातूनही कामाचे ठेके बाहेर, मुंबई उच्च न्यायालयाचे तसे निकाल आहेत. लहान माणसासाठी केलेल्या प्रत्येक कायद्यात आमच्या धंद्यापुरतं दार बंद आहे.

शेजारी कर्नाटकात बघा. तिथं कायद्यात दुरुस्ती करून ५० लाखांपर्यंतच्या बांधकामांत अनुसूचित जातींना १७.१५ आणि जमातींना ६.९५ टक्के कामं राखून ठेवली. २०२३ मध्ये ती मर्यादा एक कोटी केली. २०२५ मध्ये दोन कोटींचं विधेयक आलं. कर्नाटकातले रस्ते खचले का? पूल पडले का? मग फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव प्रत्येक भाषणात घेणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमत नाही? १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना निवेदन दिलं, त्यात शिक्षण आणि नोकऱ्यांबरोबर सरकारी बांधकामाच्या ठेक्यांत आमची माणसं नाहीत हेही मांडलं होतं. ऐंशी वर्षं होऊन गेली आणि मी तुम्हाला तेच लिहितो आहे. मध्यंतरी सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलली, पाट्यांवर समतानगर आणि भीमनगर आलं. चांगलं झालं. पण समतानगरच्या रस्त्याचा ठेका कुणाला, हे विचारलं की सगळे गप्प.

माझ्या वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडली. तेव्हा ते पोरसवदा होते. मला इंजिनिअर करताना ते म्हणायचे, आता आपल्या घरातला माणूस मोजमाप घेणार. मी मोजमाप घेतो, पण एमबीवर, म्हणजे खात्याच्या मोजमाप पुस्तिकेवर, सही व्हायला माझी चप्पल झिजते. पूर्ण झालेल्या दोन कामांची बिलं अडकली आहेत. निधी नाही, म्हणतात. सुरक्षा ठेव दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष आपल्या खर्चानं दुरुस्त करून द्यायची मुदत, संपूनही परत नाही. मजुरांना मात्र बाजाराच्या दिवशी पैसे द्यावेच लागतात, ते निधीची वाट बघत नाहीत आणि बघूही नये. सिमेंटवाला दारात येऊन बसतो. शासकीय कामांवरचा जीएसटी जुलै २०२२ पासून १२ चा १८ टक्के झाला. पत्नीचं सोनं पतसंस्थेत आहे. मुलीच्या कॉलेजची फी भरायला मी मिक्सर मशीन विकायला काढलं होतं. तिनं मला विकू दिलं नाही, तीच वर्षभर थांबली. हे लिहिताना माझा हात थरथरतो.

ठेकेदारांच्या संघटनांनी २०२५ मध्ये राज्यभरातली थकबाकी ८९ हजार कोटी सांगितली, कुणी ९० हजार म्हणतं. सरकारला तो आकडा मान्य नसेल तर खरा आकडा छापा. त्याच वर्षी एका तरुण ठेकेदारानं जीव दिला, तेव्हा सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर बिलच नाही, तो उपठेकेदार होता. मी ते वाचून रात्रभर जागा होतो. उद्या मलाही हेच उत्तर मिळेल. राबणारा माणूस कागदावर नसतो, कारण तुमच्या अटीच त्याला कागदावर येऊ देत नाहीत. शक्तिपीठ महामार्गासाठी ८६ हजार कोटींचा अंदाज निघतो, आणि आमचे सहा-सात लाख द्यायला तिजोरी रिकामी असते. पैसा आहे, फक्त तो खाली उतरताना प्रत्येक टेबलावर थांबतो.

मागणी मोठी नाही. आमच्या तालुक्यातली ती निविदा रद्द करून कामं पूर्वीसारखी गावनिहाय काढायला लावा. कर्नाटकासारखा कायदा या विधिमंडळात आणा, आणि तोवर वस्तीविकासाच्या निधीतली कामं तरी पहिल्यांदा अनुसूचित जातींच्या नोंदणीकृत ठेकेदारांना द्या. लहान ठेकेदाराचं बिल आधी, मोठ्याचं नंतर, आणि ती यादी तारखेनुसार पोर्टलवर टाका. उपठेका दिला असेल तर प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं नाव आणि अनुभव नोंदवा.

या पत्रावर माझं नाव नाही, कारण माझी बिलं अजून खात्यातल्या साहेबांच्याच टेबलावर आहेत. एक विनंती मात्र नक्की ऐका. हे पत्र "योग्य त्या कार्यवाहीसाठी" म्हणून खाली आमच्या जिल्ह्यात पाठवू नका. ते तिथल्या ज्या साहेबांसमोर जाईल, त्यांनीच ही निविदा काढली आहे.

आपला,
एक नोंदणीकृत ठेकेदार