काळीज मागितलं, दिल मिळालं

काका, सा. न.

तुमची नात माझ्या आठवीच्या वर्गात आहे, तिच्याकडून हे वाचून घ्या. असं चारचौघांत लिहितेय, कारण दुकानात येऊन आभार मानायला गेलं की तुम्ही "त्यात काय मॅडम" म्हणता आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळता.

पहिल्या दिवशी मी तुमच्याकडे काळीज मागितलं होतं. तुम्ही तराजूत कलेजी टाकलीत. हे नव्हे, काळीज, असं मी म्हटलं. "हेच काळीज," तुम्ही म्हणालात आणि रांगेतल्या दोघांनी तुमचीच बाजू घेतली. आपल्या भाषेची गंमतच आहे. काळजाचा ठोका चुकतो तो छातीत, आणि मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत! शेवटी मी छातीवर हात ठेवून धडधड करून दाखवली, तेव्हा तुम्ही हसलात, "मग दिल म्हणा की!"

त्या दिवशी मिळालेलं दिल माझ्या कामाचं नव्हतं. रक्त निघून जावं म्हणून त्याला दोन चिरा मारलेल्या, वरच्या नळ्या बुडापासून छाटलेल्या. तरी नेलं, कारण शाळेतल्या प्लॅस्टिकच्या हृदयाचा उजवा अर्धा भाग कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. मुलांना तांबडा-निळा रंग दिलेल्या आकृतीवर किती दिवस भागवायचं?

पुढच्या आठवड्यात तुम्ही आपणहून हाक मारलीत. पिशवीत अख्खं दिल होतं, चीर नाही, आणि महाधमनी, म्हणजे हृदयातून अंगभर रक्त नेणारी मोठी नळी, चांगली चार बोटं लांब ठेवलेली. "गिऱ्हाइकाला नळ्या चालत नाहीत म्हणून छाटतो, तुमच्यासाठी ठेवल्या." मग म्हणालात, डोळे मिटा आणि अंगठ्यानं दाबून बघा. एक बाजू घट्ट, दुसरी लुसलुशीत. अकरा वर्षं मी 'डाव्या निलयाची भिंत जाड असते' हे वाक्य फळ्यावर लिहीत आले (निलय म्हणजे हृदयाचा खालचा कप्पा), पण ती जाडी हाताला पहिल्यांदा लागली ती तुमच्या ओट्यापाशी. उजव्या निलयाला रक्त फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंत ढकलायचं असतं, म्हणजे शेजारी वाटीभर भाजी पोचवण्यासारखं. डाव्याला अख्ख्या गावाची पंगत वाढायची असते. म्हणून त्याची भिंत जवळजवळ तिप्पट.

आता त्या लांब नळीनं वर्गात काय केलं ते सांगते. दिल कापण्याआधी महाधमनीचं तोंड वर धरून एका मुलाला त्यात मगानं पाणी ओतायला सांगितलं. पाणी तुडुंब उभं राहिलं! आतली अर्धचंद्राकृती झडप मिटली होती, तीन इवलेसे खिसे एकमेकांना चिकटून. बाहेर गेलेलं रक्त मागे येऊ नये म्हणून असते ती. पोरं ओरडली. पण मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, गळतंय." खरंच, पाणी हळूहळू उतरत होतं. मला वाटलं झडप फाटली. नळी उभी चिरून बघितली, तर झडप शाबूत, आणि तिच्या जरा वर दोन बारीक भोकं. खराट्याची काडी घातली तर ती दिलाच्या बाहेरच्या अंगाला, चरबीखालच्या धमनीत सरकली. हृदयाच्या स्वतःच्या पोटापाण्याच्या धमन्या त्या. एवढं रक्त आतून जातं, पण त्याच्या स्नायूला ते तिथून थेट मिळत नाही. डाव्या बाजूच्या स्नायूला तर या वाटेनं बहुतेक रक्त मिळतं ते तो सैलावतो तेव्हा. माणसाच्या याच धमन्या तुंबल्या की हार्ट अटॅक. तुम्ही नळी छाटली असती तर ही भोकंही तिच्याबरोबर गेली असती.

डाव्या-उजव्या निलयांमधला पडदा तुम्ही सुरीच्या टोकानं टोचून दाखवला होतात, "इथून काही आरपार जात नाही." काका, गॅलेन नावाच्या मोठ्या वैद्यानं लिहून ठेवलं होतं की या पडद्याला बारीक छिद्रं असतात, आणि चौदाशेच्या आसपास वर्षं युरोपातल्या बहुतेक पंडितांनी ते मान्य केलं. 1628 मध्ये विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टरनं साधा हिशेब मांडला. तो आजच्या आकड्यांत सांगायचा तर असा: एका ठोक्याला सुमारे 70 मिलीलीटर, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे पाच लीटर. अंगातलं सगळं रक्तही साधारण तेवढंच! दर मिनिटाला एवढं नवं रक्त कुठून येणार? तेच फिरत असलं पाहिजे. धमन्यांतून शिरांत जायची वाट मात्र त्याला दिसली नाही. त्या केशवाहिन्या 1661 मध्ये माल्पिगी या इटालियन शास्त्रज्ञानं बेडकाच्या फुप्फुसात पाहिल्या, तेव्हा हार्वे जाऊन चार वर्षं झाली होती.

तुमचा एक प्रश्न माझ्याकडे उधार आहे. "बाहेर काढल्यावरही थोडा वेळ उडत असतं, ते कोण हलवतं?" तेव्हा मी बघून सांगते म्हणून सटकले होते. उत्तर असं की ते स्वतःच हलतं. वरची महाशिरा उजव्या अलिंदाला, म्हणजे वरच्या कप्प्याला मिळते, तिथे पेशींचा एक छोटा पुंजका असतो. कीथ आणि फ्लॅक या दोन शास्त्रज्ञांनी तो 1907 मध्ये दाखवून दिला. ठोक्याचा इशारा तिथून सुटतो. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो, म्हणून तर प्रत्यारोपणात नसा तुटल्या तरी बसवलेलं हृदय चालतं. तुमच्या ओट्यावरचं थांबतं, कारण त्याला ताजं रक्त मिळत नाही.

एका चुकीची दुरुस्तीही ठेवते. तुम्ही म्हणालात, माणसाचं अगदी असंच. जवळपास. माणसाच्या महाधमनीच्या कमानीतून सहसा तीन फांद्या निघतात, बकऱ्याच्या कमानीतून एकच जाड खोड निघून पुढे फुटतं. ज्या मुलांच्या घरी चालत नाही त्यांनी लांबून आकृत्या काढल्या, आणि फांद्यांचा हा फरक त्यातल्याच एकीनं पकडला.

येत्या शुक्रवारी संध्याकाळी तीन दिलं ठेवा, शनिवारी सकाळी तास आहे. नळ्या लांब. आणि या वेळी पैसे घ्या, नाहीतर मी नातीच्या दप्तरात घालून पाठवीन.

तुमची गिऱ्हाईक,
विज्ञानाच्या मॅडम